कोमलचं म्हणणं

लघुलेखक सोमेश्वर लोखंडेने सव्वीस वर्षांत नऊ न्यायाधीशांचं डिक्टेशन घेतलं होतं. कोणी घाईघाईने बोलायचे, कोणी एकच वाक्य तीनदा बदलायचे. हिंगोलीच्या कौटुंबिक न्यायालयात माहेनूर पठाण मॅडम रुजू झाल्या तेव्हा पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं, की या बाई बोलतात कमी आणि ऐकतात जास्त.

मॅडम वाशीमकडच्या, शिंप्याच्या घरातल्या. अकोल्याला वकिली केली, मग न्यायाधीश झाल्या, आणि सहा वर्षं बाल न्याय मंडळावर काढली. तिथे एका मुलाची फाईल त्यांच्यापुढे आली होती. पोलिसांचं, मास्तरांचं, मामाचं, सगळ्यांचं म्हणणं तिच्यात होतं. मॅडमनी मुलाला जवळ बसवून विचारलं, तेव्हा कळलं की फाईलवरचं नावसुद्धा त्याचं नव्हतं, धाकट्या भावाचं होतं. त्यानंतर पाच ठिकाणी बदल्या झाल्या, पण लेकराला स्वतः ऐकल्याशिवाय त्यांनी एकाही लेकराचा निकाल दिला नाही.

सोमेश्वर रोज बघायचा. मूल चेंबरमध्ये आलं की मॅडम काळा कोट उतरवून ठेवायच्या आणि खुर्ची सोडून त्याच्या शेजारी बसायच्या. "आई पाहिजे की बाबा?" हा प्रश्न त्यांच्या तोंडून त्याने कधी ऐकला नाही. सकाळी काय खाल्लं, शाळेत शेजारी कोण बसतं, ताप आला तर कोण उठतं, असलंच काहीबाही विचारायच्या. आणि तासाभराने मूल उठायचं तेव्हा सगळं सांगून झालेलं असायचं.

मग कोमलच्या ताब्याचा अर्ज त्यांच्यापुढे आला.

कोमल नऊ वर्षांची, जन्मापासून बहिरी. शाळेत कधी घातलीच नव्हती. बाप संतराम जिल्ह्यातल्याच गोरेगावचा. आई नीलाबाई त्याच्याशी पटेना म्हणून हिंगोलीजवळच्या माहेरी येऊन राहिलेली. पोरगी आपल्यालाच मिळावी म्हणून दोघं दोन वर्षं भांडत होते. मॅडम येण्याआधीच दहाबारा तारखा झाल्या होत्या आणि प्रत्येक तारखेला कोमल बाकावर भिंतीला चिकटून बसलेली असायची.

मॅडमनी कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या एका बाईंना बोलावलं. त्यांनी अर्धा तास प्रयत्न केला आणि मान हलवली. "मॅडम, ही आमच्या खुणा शिकलेलीच नाही. हिचं हिचंच काहीतरी आहे."

दोन्ही वकिलांचं लगेच एकमत झालं. मुलीला भाषाच नाही, तर तिची इच्छा कळणार कशी? कागदपत्रांवरून निकाल व्हावा.

मॅडमनी कोमलकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तिला भाषा आहे. आपल्याला ती येत नाही. हिचं बोलणं कोणाला कळतं?"

नीलाबाई खाली बघत म्हणाली, "थोडंफार मला कळतं, जेवण-पाण्यापुरतं. पण जिवनबाईला समदं कळतंय. आमच्या शेजारची. शेळ्या राखती. पोरगी तिच्यासंगंच रानात असती."

पुढच्या बुधवारी जिवनबाई आली. साठीची, हडकुळी बाई, चपला दाराबाहेर काढून. मॅडमनी तिला खुर्ची दिली. "मावशी, मला शिकवा."

"म्या? तुमाला?" जिवनबाई हसायलाच लागली.

असे सात बुधवार गेले. दुपारचं कामकाज संपलं की चौघं चेंबरमध्ये बसायची. नाकातल्या चमकीवर दोन बोटं म्हणजे आई. मनगट पिळून मोटारसायकलचा कान पिरगाळल्यासारखं केलं की बाप. कपाळाला दोन बोटं म्हणजे शेळी. न्यायाधीशबाई नऊ वर्षांच्या पोरीपुढे हात हलवायच्या, चुकायच्या, कोमल त्यांचं बोट धरून सरळ करायची. आणि ज्याने आयुष्यभर आवाजांच्या खुणा कागदावर उतरवल्या, तो सोमेश्वर आता हातांच्या खुणांची चित्रं काढत होता. एकशे बारा खुणा भरल्या.

पाचव्या बुधवारी कोमलने पाण्याच्या ग्लासवरचा रुमाल उचलला. तो मॅडमच्या हातावर पसरला, खाली स्वतःचा हात घातला आणि त्यांची बोटं दाबली. आधी दोन, मग तीन. नंतर स्वतःच्या छातीकडे बोट केलं आणि दाराबाहेरच्या वकिलांकडे.

सोमेश्वरला वाटलं, खेळ आहे. पण जिवनबाईचं तोंड उतरलं.

"बाई, बाजारात दलाल असंच करतेत. रुमालाखाली बोटं दाबून शेळीचा भाव. लई बार पाह्यलंय तिनं माझ्यासंगं." ती पुढे म्हणाली, "तिला वाटून राहिलंय, इथं तिला इकायला आणलंय. भाव जुळून न्हाई राहिला, म्हणून घडीघडी बोलावतेत."

सोमेश्वरचं पेन थांबलं. दोन वर्षं ही पोरगी समोरच्या बाकावर कसला विचार करत बसली होती, ते त्याला आत्ता कळलं. त्या सगळ्या तारखांना तो तिथेच होता.

मॅडम खुर्चीवरून उठून फरशीवर बसल्या. कपाळाला दोन बोटं लावली, रुमाल हातावर टाकला: शेळीला हे. मग कोमलच्या खांद्याला हात लावला, रुमाल उचलून लांब टाकला आणि मान जोरात हलवली: तुला नाही. कोमल नुसती बघत राहिली. मॅडमनी पुन्हा केलं. सातआठ वेळा केलं. शेवटी पोरीचे ताठ खांदे हळूहळू खाली आले. मग मॅडमनी आपले दोन्ही तळवे तिच्यापुढे उघडे धरले. तू सांग.

कोमल पाऊण तास बोलली. एवढंसं लेकरू, पण हात थांबत नव्हते. सोमेश्वर भारावून बघत होता आणि जिवनबाई सांगेल तसं उतरवत होता. आईच्या कुशीत झोप लागते. आई रडली की तिच्या पाठीला हात लावल्यावर कळतं. बापाच्या गाडीवर टाकीला तळवे लावले की सगळं अंग घुमतं, तसं दुसऱ्या कशानेच होत नाही. तो हल्ली येत नाही.

निकालाच्या दिवशी मॅडमनी आदेश वाचला. कोमल आईजवळ राहील. दर रविवारी बाप येईल, गाडी घेऊन. शाळेत नाव घालायचं, आणि खुणांची भाषा आईबाप दोघांनीही शिकायची. मग मॅडमनी तोच आदेश कोमलला हातांनी सांगितला, भर न्यायालयात, सगळ्यांदेखत.

मनगट पिळल्याची खूण आली तेव्हा संतरामने सोमेश्वरला हळूच विचारलं, "साहेब, हे काय म्हणून राहिल्या?"

"ते तुम्ही. तुमचं नाव."

"माझं नाव हाये व्हय तिच्याजवळ?" तो स्वतःचं मनगट पिळून बघत राहिला. आपण अर्ज हरलो हे त्याच्या ध्यानातच राहिलं नसावं.

दोन वर्षांनी मॅडमची बदली झाली. त्यानंतरच्या एका रविवारी एसटी स्टँडजवळ सोमेश्वरला संतराम आणि कोमल दिसले. गाडी उभी होती आणि बापलेक कशावरून तरी कडाक्याचं भांडत होते, दोघांचेही हात भराभर चाललेले. सोमेश्वर भजी घ्यायला थांबला होता, तो तिथेच उभ्याने बघत राहिला. पोरगी आता कितीतरी पुढे गेली होती. त्याला त्यातलं निम्मंसुद्धा कळेना.