आई, विमान आणि पावणेदोन तासांची दुबई

गेल्या मंगळवारी आईला पहिल्यांदा विमानात बसवलं... आणि हवेत असतानाच माझं पितळ उघडं पडलं.

माझी ताई दुबईला असते. तिला आठवा महिना लागलाय, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. आईला जाणं भागच होतं... पण आईला उंचीची भयंकर भीती. आमच्या घोडपदेवच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर जायचं तरी ती कठड्याकडे पाठ करून, भिंतीला खेटून चालते.

महिनाभर तिचं "नाय म्हणजे नाय" चालू होतं. शेवटी मी न विचारताच दोघींची तिकिटं काढली. आईने चष्मा लावून प्रिंटआउट वाचला. सुटणार दहाला, पोहोचणार पावणेबाराला.

"पावणेदोन तासच ना गो? तेवढा निभावतलंय मी."

आता दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. म्हणजे खरा प्रवास सव्वातीन तासांचा... शब्द ओठांवर आले होते. पण महिन्याभराने मिळालेला होकार बघून मी ते गिळले.

विमान उडालं तसं आईने डोळे घट्ट मिटले आणि माझं मनगट धरलं. ते थेट तिच्या घड्याळात पावणेबारा झाल्यावर सोडलं. केस सारखे केले, पर्स मांडीवर घेतली. "इली ना दुबई?"

मी काही बोलायच्या आत खिडकीजवळचे काका उत्साहाने म्हणाले, "छे हो मावशी, अजून दीड तास आहे! खाली बघा, नुसता समुद्र!"

आईने समुद्राकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"तू माझ्याकडे खोटा बोललंस?"

मग जी सुरुवात झाली... शाळेत असताना लपवलेलं प्रगतिपुस्तक, क्लासच्या नावाखाली बघितलेला पिक्चर, पलंगावर पडलेला ओला टॉवेल, सगळं निघालं. काकांनी हळूच हेडफोन लावले. मधे विमान चांगलंच हादरलं, सगळे चिडीचूप. पायलट बेल्ट बांधायला सांगू लागला, तर आई वरच्या स्पीकरकडे बघून म्हणाली, "जरा गप रव, बोलूक दे माका!"

माझ्या नोकरीवर गाडी आली होती तेवढ्यात लोक उठून बॅगा काढू लागले. आई गडबडली. "खाली कधी इलो आपण?"

रागाच्या भरात बाई घाबरायचंच विसरली होती...

बाहेर ताई उभी होती. डॉक्टरांचं न ऐकता आलेली. आईने तिला जवळ घेतलं, दोघी रडल्या. डोळे पुसता पुसता आईने तिला पहिलं वाक्य सांगितलं, "जाताना माका एकटीक पाठव. हिच्या बाजूक बसूचा नाय माका."

ताई पोट धरून हसत सुटली. किती दिवसांनी तिला असं हसताना बघत होते... खरं सांगते, तेवढ्यासाठी मी अजून दीड तास बोलणी खाल्ली असती.