घागरीतला भोंगा

म्हातारा कुत्रा पाणी पीत नाही, त्यात एवढं काय, असं तुम्हीही म्हणणार का? पासष्टच्या लढाईत जबलपूरच्या फॅक्टरी क्वार्टरांत सगळे हेच म्हणत होते. पद्मजाबाईंचा म्हातारा भूरा मात्र पाण्याकडे ढुंकून बघेना. त्यांनी ताक दिलं, जिभेवर थेंब सोडले, तरी तो तोंड फिरवायचा. अशानं तो जाणार, हे त्यांना दिसत होतं.

"भाभी, जंग चल रही है और आपको कुत्ते की पड़ी है," शेजारचे तिवारीजी म्हणाले.

"काहून? त्याचा जीव जीव नाही?" बाई कडाडल्या.

संध्याकाळी भूरा फाटकाशी कान टवकारून बसला, तेव्हा त्यांना उमगलं. एरवी फॅक्टरीच्या सुटीचा भोंगा वाजायचा, बाईंचे यजमान नीलकंठराव घरी येऊन बादलीतल्या पाण्यानं हातपाय धुवायचे, आणि भूरा त्याच बादलीत तोंड घालायचा. लढाई लागल्यापासून भोंगा फक्त हवाई हल्ल्यासाठी राखून ठेवला होता, आणि नीलकंठराव डबल ड्यूटीवर होते.

बाईंनी बादली भरली, रिकाम्या घागरीत तोंड घातलं आणि पोटातून भोंगा काढला. तिवारीजींनी थेट अंगणातल्या खंदकात उडी मारली. भूरा लंगडत बादलीशी आला आणि लपालपा पाणी पिऊ लागला.

"खतरा टल गया क्या?" खंदकातून आवाज आला.

"टळला," बाई ऐटीत म्हणाल्या. "या बाहेर."

लढाई संपेपर्यंत घागर रोज वाजली, आणि तिवारीजी तिच्यावर घड्याळ लावू लागले.

तुमच्या घरचं म्हातारं जनावर पाणी पीत नसेल, तर कृपा करून त्याला दटावू नका. ते कशाची वाट पाहून राहिलं, ते आधी शोधा.