पुसलेला तक्ता आणि मोठा तलाव

मित्रांनो, किस्से काही कोणी जमवत नाही. मासेमार सोसायटीत कम्प्युटर बसवा, तलावात गाळ साचतो तसे ते आपोआप साचतात!

सत्त्याऐंशी साली दिल्लीहून शिकून मी पवनीला परतलो, तो गाव बदलायचंच ठरवून. कोणत्या वर्षी कोणत्या तलावात मासे धरायचा नंबर कोणाचा, हे सोसायटीच्या वह्यांत होतं. त्यांना वाळवी लागली. मी सगळं कम्प्युटरमध्ये भरलं. निश्चिंत होऊन वाळवीने वह्या संपवल्या.

*

कॉपी फ्लॉपीवर होती. सचिव यादोरावांनी ती धुऊन झिंग्यांसोबत उन्हात टाकली.

"काहून?"

"मासोळीचा वास मारे जी!"

*

एका सकाळी वीज गेली, आली, आणि मशीन म्हणाली, डिस्कवर काहीच नाही. अध्यक्ष तुळशीरामभाऊंना मी समजावलं, "डेटा आहे. पण डिस्कचा कोणता भाग कुठून सुरू होतो, तो तक्ता पुसला गेला."

"म्हंजे तलाव भरला आहे, घाट सापडून नाही राहिला?"

"तसंच."

"मंग बसून काय राहिला? उतर की!"

*

बातमी बाजाराच्या दिवशी अड्याळपर्यंत पोचली. मोठा तलाव ज्याच्या वाट्याला, त्याच्या घरची वर्षभराची सोय. सगळे सभासद आले. यंदा नंबर सगळ्यांचाच होता!

अध्यक्षही संकोचत म्हणाले, "तसा यंदा माहाच नंबर."

कोपऱ्यातून विधवा भागाबाई मला म्हणाली, "यंदा माहा होता, बापू. तूच तं भरला."

मी शेकडो नावं भरली होती. मला आठवेना.

*

मशीन सुरू करायची वेगळी फ्लॉपी होती, तिच्यावरून चालू केली आणि डिस्क तुकड्यातुकड्याने वाचत बसलो. स्क्रीनवर नुसता कचरा.

यादोराव म्हणाले, "अगरबत्ती लावू काय जी?"

"नको."

त्यांनी लावली. कचऱ्यात एकदम नावं दिसू लागली. भाग कुठून सुरू होतो ते कळलं, तक्ता हाताने भरला, मशीन पुन्हा चालू केली. यादोरावांनी उरलेल्या अगरबत्त्या नीट जपून ठेवल्या.

*

सगळ्यांसमोर मी वाचलं, "मोठा तलाव. यंदा, भागाबाई."

भागाबाई उठली. "मंग मी जाळं काढून ठेवतो," म्हणून निघाली.

मला वाटलं, क्रांती झाली!

अध्यक्षांनी मला ओसरीवर नेलं. खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत खरंच कौतुक होतं.

"बापू, लई शिकून आला तू. आता एकच सांग. तो तक्ता परत पुसता येते काय?"