शनिवारच्या दोन आज्या

मी माझ्या नातीची दृष्ट काढायचे. यात कबूल करण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारील; आमच्याकडं कोणती आजी काढत नाही? पण मी ती एकाच घरून आल्यावर काढायचे... तिच्या आईच्या. माझा मुलगा अमोल आणि सून शीतल वेगळे झाले होते, कोर्टात खटला चालू होता. नऊ वर्षांची ओवी आईबरोबर चिकलठाण्याला आजोळी राहायची आणि शनिवार-रविवार आमच्याकडं पुंडलिकनगरला यायची. ती दारात आली रे आली की मी तिला उंबऱ्यातच थोपवायचे, मूठभर मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या अंगावरून उतरवायचे आणि 'आल्यागेल्याची, पापी चांडाळाची' म्हणता म्हणता त्यात हळूच 'चिकलठाण्याची' घालायचे. मग सगळं तापल्या तव्यावर टाकायचं. मोहरी तडतडली की विजयी मुद्रेनं म्हणायचं, "बघ, केवढी लागली होती!" आणि ही बाई कोण, तर जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. माझे विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांनी खुशाल हसावं.

हे आज लिहायचं कारण म्हणजे ओवीची चिकलठाण्याची आजी, माझी विहीण गयाबाई, गेल्या महिन्यात गेली. रविवारी संध्याकाळी शीतलचा फोन आला. तिचं नाव पडद्यावर दिसलं तेव्हाच काहीतरी विपरीत घडलंय हे मी ओळखलं, कारण आमच्या दोघींत फोन करण्याची रीत उरली नव्हती. "आई," ती म्हणाली, "आमची आई गेली. ओवी तुमच्याकडून आली, आईनं दार उघडलं, 'जेवलीस का' म्हणाली, आणि तिथंच खाली बसली..." पुढचं मला ऐकू आलं नाही. माझ्या मनात एकच वाक्य घुमत राहिलं : ओवी तुमच्याकडून आली. गयाबाईसाठी रडू यायच्या आधी मला भीती वाटली, आणि ती का वाटली हे सांगायचं तर सात वर्षं मागं जावं लागेल.

गयाबाई शेतकऱ्याघरची. जिथं त्यांची ज्वारी उभी राहायची तिथं आता फ्लॅट उभे आहेत, पण तिचा आवाज अजून रानातल्या माणसाला हाक मारावी असाच होता. मला ती पोरांच्या लग्नापासूनच सलायची. विहिणीच्या पंगतीत मला चांदीचं ताट मांडलं नाही म्हणून मी जेवायला अडून बसले होते. सगळा मांडव माझी मनधरणी करतोय, आणि ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, "इनबाई, ताट चांदीचं असलं म्हंजी वरण गोड लागतंय व्हय?" लोक हसले. तो हशा मी वर्षानुवर्षं जपून ठेवला, आणि पोरांचा संसार मोडल्यावर व्याजासकट बाहेर काढला. मोहरीत 'चिकलठाणा' आला तो असा.

सात वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रविवारी अमोलनं ओवीला नेहमीसारखं गयाबाईच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि तो निघून आला. सासुरवाडीच्या दारापर्यंत जायचं नाही, हा त्याचा बाणा. तासाभरानं गयाबाईचा फोन. "इनबाई, पोरगी पाठवली नाय का?" मी म्हणाले, "पाठवलीय की केव्हाच!" ती उसळली, "खोटं बोलू नका. लपवून ठिवली आसंल तर सांगा." मी म्हणाले, "तुम्हीच लपवली असेल, उद्या कोर्टात आमच्या नावानं ओरडायला." इतकं बोललो आणि दोघींनाही एकदमच कळलं, की आपल्यापैकी कुणीच लपवलेली नाही... मी पायातल्या दोन वेगवेगळ्या चपलांवर रिक्षात बसले. जालना रोडवर प्रत्येक थांब्यावर, प्रत्येक टपरीपाशी मला ओवीचा निळा स्वेटर दिसत होता, आणि जवळ गेलं की ते दुसऱ्याच कुणाचं तरी मूल असायचं.

पोचले तर अंगणात हलकल्लोळ. अमोल आधीच आलेला, शीतल त्याच्यावर ओरडतेय, शेजारी कुंपणाशी. आणि मी? मी जाऊन शोधायला लागावं की नाही? मी गयाबाईशी भांडायला लागले. मी म्हणतेय 'तुमचं लक्ष नाही', ती म्हणतेय 'तुमच्या लेकाला दारापर्यंत यायला लाज वाटती व्हय'... तेवढ्यात माझ्या खांद्यावर पाणी पडलं. वर पाहिलं तर गच्चीच्या पन्हाळीतून धार लागलेली. आभाळ कोरडं ठाक, आणि पन्हाळ वाहतेय. गयाबाईनंही पाहिलं. तिच्या तोंडचा शब्द तोंडातच राहिला. त्या गच्चीला कठडा नव्हता. वरचा मजला पुढंमागं बांधू म्हणून नुसत्या सळया उभ्या होत्या. आम्ही दोघी घराबाहेरचा जिना कशा चढलो हे मला आजही आठवत नाही. एवढंच आठवतं, की मधेच तिनं माझा हात धरला होता आणि वर पोचेपर्यंत सोडला नव्हता.

ओवी टाकीमागं उभी होती. अंगावर सगळे कपडे, डोक्यापासून निथळणारी, ओठ निळे. हातात प्लास्टिकचा मग. पायाशी कंपासपेटी उघडी, आणि तिच्यात माझ्या स्वयंपाकघरातलं मीठ. आम्हाला पाहून ती मागं सरकली. मागं चार पावलांवर गच्ची संपत होती.

"येऊ नका," ती म्हणाली. "माझं अजून झालं नाही."

"काय झालं नाही, बाळा?" हे गयाबाई म्हणाली की मी, कोण जाणे.

"तिकडं गेलं की इकडचं मिठानं जातं. इकडं आलं की तिकडचं पाण्यानं. दोन्ही करून मग खाली येणार होते. मी आले की भांडणं होतात ना... मला काहीतरी लागलेलं असतं."

मी गयाबाईकडं पाहिलं. ती खाली बसली होती. नंतर तिनंच सांगितलं, की पुंडलिकनगरहून पोरगी आली की ती 'त्या घरचे कापडं' दारातच काढायला लावायची आणि डोक्यावरून अंघोळ घालायची. म्हणजे आम्ही दोघी एकमेकींना धडा शिकवत होतो, आणि धडा शिकत होतं ते पोर. गयाबाईनं बसल्या बसल्याच पदर पसरला. ओरडली नाही, धावली नाही. "ये. मला लई थंडी वाजायली," एवढंच म्हणाली. ओवीनं माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं... आणि एकेक पाऊल टाकत पुढं आली. ती पावलं मला अजून झोपेत दिसतात.

पोरगी तापानं फणफणली. दवाखान्यात कॉटच्या दोन बाजूंना दोन आज्या. पुढं डॉक्टरांनी मुलांशी बोलणाऱ्या एका समुपदेशक बाईंकडं धाडलं. त्या ओवीशी महिनोन् महिने बोलल्या, आम्हाला मात्र पहिल्याच दिवशी बाहेर बोलावून म्हणाल्या, "ती ऐकते कमी, बघते जास्त. आईबाप एवढ्यात एकत्र दिसणार नाहीत. निदान तुम्ही दोघी दिसा." गयाबाई म्हणाली, "दिसा म्हंजी? फोटू काढायचा का?"

फोटो नाही, पण शनिवार काढला. ओवीला आणणं-नेणं आमच्याकडं आलं. जालना रोडवरच्या एका इडली-डोशाच्या हॉटेलात गयाबाई तिला घेऊन यायची, मी घ्यायला जायचे, रविवारी उलटं. पहिल्या शनिवारी आम्ही दोघी चौकशीला बोलावल्यासारख्या बसलो होतो. ओवी मधे, हात मांडीखाली दाबून. आणि गयाबाईनं काय करावं? सरळ हात लांब करून माझ्या ताटातला डोसा तोडला आणि तोंडात घातला. ओवीचा श्वास अडकलेला मला दिसला. ती खरोखरच वाट पाहत होती, आता काहीतरी होणार... आजी मरणार, छत पडणार. गयाबाई चावत राहिली. "इनबाई, चटणी लई पाणचट हाय." मी म्हणाले, "मग दुसऱ्याच्या ताटातलं खाऊ नये." ओवी खुदकन हसली आणि लगेच घाबरून गप्प झाली.

ती भीती काही एका डोशानं गेली नाही. वर्षभर तरी पोरगी दोन्ही घरांच्या उंबऱ्यात थबकायची. आम्ही ठरवलं होतं, 'तिकडं काय झालं' हे विचारायचं नाही. आधी जेवायला वाढायचं. मला ते फार जड गेलं. प्रश्न विचारण्यावर मी आयुष्यभर पगार घेतलेला! पोरांची भांडणं मिटली नाहीत, घटस्फोट झालाच. पण आमचे शनिवार चालू राहिले. ओवी मोठी झाली, एकटी ये-जा करू लागली, तरी आम्ही दोघी त्या हॉटेलात जातच राहिलो. "कशाला येताय आता?" ओवी विचारायची. गयाबाई म्हणायची, "तुझ्यासाठी नाय येत बये. हिच्या ताटातलं खायला येते."

तर त्या रविवारी फोन ठेवला तेव्हा मला भीती वाटली ती ही. सोळा वर्षांची पोरगी माझ्या घरून निघाली, त्या घरच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं, आणि समोर आजी कोसळली. सात वर्षं आम्ही दोघींनी मिळून तिच्या मनातून जे उपसून काढलं, ते एका क्षणात परत भरलं असेल तर? आणि आता उपसायला मी एकटी...

तिसऱ्या दिवशी धीर करून चिकलठाण्याला गेले. मोडलेल्या सोयरिकीतली विहीण कोणत्या नात्यानं रडायला बसते, मला ठाऊक नव्हतं. शीतलनं हात धरून आत नेलं. आतल्या खोलीत गयाबाईच्या पलंगावर ओवी पाय जवळ घेऊन बसली होती. मी शेजारी बसले. विचारायचं तर होतं, आणि विचारायचं नाही हे तर आमचंच ठरलेलं. मी तिच्या पायांवर चादर ओढली. शेवटी तिनंच डोळे पुसले आणि म्हणाली,

"आजी, तू काय विचारायला घाबरतीयेस ते मला कळतंय. नाही वाटत मला तसं. पहिल्या रात्री वाटलं, खूप वाटलं... मग हिच्या उशीखाली बीपीच्या गोळ्या सापडल्या, सगळ्याच्या सगळ्या. रोज 'घेतली गं' म्हणून मला फसवत होती. तू तुझी गोळी घेतलीस का आज? खरं सांग."