लुक्यानचा चार-पाच-शून्य

विन्नित्सा शहरातल्या आमच्या इस्पितळात झेन्यामावशी एकतीस वर्षं नर्स आहे. आधी साखर कारखान्यातल्या कामगारांच्या दुखऱ्या पाठी सांभाळल्या, आता जखमी सैनिक सांभाळते. तोंडाने फटकळ. डॉक्टरांनाही सोडत नाही. मी मुलांच्या दवाखान्यातून बदलून तिच्या हाताखाली आले, तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाली, "इथली बाळं रडत नाहीत हं. तेच अवघड आहे."

मला वाटलं, उगाच धाक घालतेय.

लुक्यानचा डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. जखम भरून सात महिने झाले, पण नसलेल्या पायाची बोटं आगीत धरल्यासारखी जळायची. दुखणं शून्य ते दहात किती, हे विचारून तक्त्यात लिहायचं काम माझं. मावशी रजेवर गेली आणि मी पहिल्यांदाच एकटीने त्याला विचारलं.

"चार-पाच-शून्य," तो म्हणाला.

सकाळी चार, दुपारी पाच, संध्याकाळी शून्य, असं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. डॉक्टरांनी ते वाचून त्याची संध्याकाळची गोळी बंद केली.

चौथ्या दिवशी मावशी परतली. लुक्यानचा चेहरा काळवंडलेला, उशीचा कोपरा चावून चावून फाटलेला. तक्ता बघून तिने कपाळावर हात मारला.

"अगं शहाणे, हे दुखणं नाही, वायरलेसवरचा निरोप आहे. सगळं शांत आहे, असा. माझा मुलगा आघाडीवरून रोज हेच कळवतो. खंदकात गुडघाभर पाणी असलं तरी हेच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या माणसाने तीन रात्री माझ्यामुळे तळमळत काढल्या होत्या.

मावशी त्याच्या खाटेवर टेकली. "आता खरं सांग."

"चार-पाच-शून्य, मावशी."

"मी काय तुझी कमांडर आहे?"

लुक्यानने शेजारच्या खाटेकडे पाहिलं. तिथे ओरेस्त कुट्टूची लापशी खात होता. त्याला दोन्ही पाय नव्हते.

"याच्यासमोर कुठल्या तोंडाने सांगू?" लुक्यान पुटपुटला.

"त्याला नको सांगूस. मला सांग."

त्याने ओरेस्तकडे पाठ केली. मग म्हणाला, "नऊ."

"आज?"

"पाय गेल्यापासून."

मावशीने त्याचा हात धरला आणि मला म्हणाली, "लिही." मी जुने आकडे खोडून नऊ लिहिलं. डॉक्टरांकडे जाऊन माझी चूक कबूल करायची, गोळी आजच्या आज परत सुरू करून घ्यायची, म्हणून मी वळले.

"ए मुली, थांब," ओरेस्तने वाडगा खाली ठेवला. "हा काही बोलत नाही, म्हणून मी रोज दोन सांगत आलो. माझे आठ कर."