इंजिन गार होईपर्यंत

त्या दिवशी मामा जेवून आडवे झाले होते. सकाळपासून छातीत जड वाटतंय म्हणत होते, आणि संध्याकाळी त्यांना डॉक्टरकडं न्यायचंच असं मामीनं पक्कं केलं होतं. तेवढ्यात मामीचा धाकटा भाऊ दारात. दाजी, एक छोटी गाडी बघितलीय, वापरलेली, नुसती नजर टाका, पाच मिनिटांचं काम. मामी म्हणाली, आज ते कुठं जाणार नाहीत. पण मामांनी शर्ट घालायला घेतलासुद्धा.

जन्मभर हेच. मामांचं गॅरेज सुटलं तरी लोक सुटले नाहीत. कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की मामांना उचलून न्यायचे, गाडीखाली झोपवायचे, आणि काम झालं की ओळखसुद्धा नाही. खिशात कायम बॅटरी, म्हणून बॅटरीमामा. ते काही गरीब गाय नव्हते. खोट सापडली की विकणाऱ्याच्या सात पिढ्या काढायचे. घरी मात्र मामीनं सांगितलेलं या कानानं ऐकायचं, त्या कानानं सोडायचं.

मामी चिडून मागोमाग गेली. म्हणाली, तिथूनच दवाखान्यात नेते.

विकणारा गाडी चालू करूनच उभा. मामांनी बॉनेटला हात लावला आणि भडकले. आम्ही यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवलंत, म्हणजे गार असताना ते कसं खोकतं ते कळायला नको, असंच ना? तो म्हणे, काका, आत्ताच धुऊन आणली. मामांनी गाडीतला पायाखालचा गालिचा उचलला तर खाली जुनी ओल, म्हणजे पाणी शिरलेली. डिकीचं रबर सोललं तर आत नवं वेल्डिंग, म्हणजे मागून ठोकलेली. टायर एकाच बाजूनं झिजलेले. मीटर सांगतंय गाडी कोवळी आहे, आणि ब्रेकच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत. भाऊ आपला प्रत्येक खोटीला म्हणतोय, एवढं तर चालतंच दाजी.

मामा म्हणाले, बंद करा. गार होऊ दे. मग चालू करून धूर बघतो, त्याशिवाय इथून हलणार नाही.

आणि बसले, उन्हात, पत्र्याच्या कुंपणाला टेकून. घामानं शर्ट भिजला. मामी म्हणते चला, ते म्हणतात थांब. शेवटी ती भावावर तापली. अरे एवढं दाखवलं, तू तरी नको म्हण. तो मान खाली घालून म्हणाला, "ताई, विसाराचे पैसे कालच दिलेत. दाजी चांगली म्हणाले की घरात बायको गप्प बसेल, म्हणून आणलं त्यांना."

मामांनी ते ऐकलं. बोलायला म्हणून उठले आणि तिथंच कोसळले. दवाखान्यात नेलं कशातून, तर त्याच गाडीतून. ती वाटेत बंद पडली. पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

लोक म्हणाले, वेळ आली होती. मामी म्हणाली, आली नव्हती, हाताला धरून आणली.

पुढं एकदा भाऊ तीच गाडी घेऊन आला, भेटायला म्हणून. रात्री राहतो म्हणाला. सकाळी उठून मामी त्याला एवढंच म्हणाली, "ती दारातून काढ."

तो किल्ली फिरवत बसला. गाडी नुसती कण्हत होती. शेजारचे दोघं धक्का द्यायला आले. मामी पदर खोचून पायऱ्या उतरली. भावाला वाटलं, ताई विरघळली. ती मागं गेली, दोन्ही हात लावले आणि कोपऱ्याच्या पार होईपर्यंत ढकलत नेली. चालू झाली का नाही ते बघायला थांबली नाही.