जर्मन कंपनीच्या वाटण्या आणि आमचे आप्पा

आप्पा गेल्याची बातमी मी कुणाला कळवायच्या आधीच शिरोली एमआयडीसीत पोचली होती. दुपारपर्यंत उचगावच्या आमच्या दारात फाउंड्रीवाल्यांच्या चपलांचा हा ढीग! आता महिना उलटला, तरी कुणी ना कुणी येतं, चहा घेतं आणि तुझा बाप लई तापट, पण शब्दाचा पक्का, असं सांगून जातं. लेकीला आणखी काय ऐकायचं असतं?

आप्पा एका जर्मन रसायन कंपनीचे एजंट. फाउंड्रीत वितळलेलं लोखंड ओतायच्या साच्यातली वाळू घट्ट धरून ठेवणारं रेझिन विकायचे. कंपनीचं नाव कुलदैवताच्या खालोखाल घ्यायचे. आणि नव्वदचं दशक सरता सरता तीच कंपनी फुटली... औषधं एकीकडं, रंग दुसरीकडं, आमचं रेझिन तिसऱ्याच नावाच्या पदरात. नव्या नावाच्या ड्रमांना शिरोलीत कुणी हात लावेना. नाव बदललं म्हणजे माल बिघडला, असंच सगळे धरून बसले. त्यांचंही चूक नव्हतं. ओतकाम फसलं की सगळी मेहनत भंगारात. आप्पांनी समजावलं, मग भांडून बघितलं. दुकानाला कुलूप लागायची वेळ आली.

शेवटी ते आपले जुने गिऱ्हाईक पाटीलमामा यांच्या फाउंड्रीत जाऊन उभे राहिले. म्हणाले, "भावाभावांच्या वाटण्या झाल्या म्हणून हिरीचं पाणी बदलतंय व्हय? वत की! फसलं तर उद्यापास्नं एजन्सी बंद."

साचा फोडून माल बाहेर येईपर्यंत आप्पा भट्टीपुढनं हलले नाहीत. जेवायलासुद्धा नाही. माल झकास निघाला आणि हळूहळू सगळी शिरोली परत आमच्या दुकानात आली. तेव्हापासून रीतच पडली, नवं नाव आलं की पहिल्या ओतकामाला आप्पा हजर. पुढं कंपनी विकली गेली, दुसरीत मिसळली, साहेब आले नि गेले. आप्पा जाग्यावर. मला त्यांचा केवढा अभिमान वाटायचा! आजही वाटतो.

आता दुकान मी बघते. गेल्या आठवड्यात परत नव्या नावाचे ड्रम आले. बाईमाणूस भट्टीपुढं काय उभी राहणार, असं भावकी बोललीच. तेवढ्यात पाटीलमामांचा फोन. कंपनी आता कुणाची, का विकली, काही विचारलं नाही.

"उद्या सकाळी वतायचं हाय. तू येनार न्हवं?"

गेले. मामांनी माणसांना बाजूला सारलं आणि आप्पांची जागा मला मोकळी करून दिली... धग सोसवत नव्हती. हलले नाही.